सांध्याची खीळ

१

रोज सकाळी चहा झाला की मी आमच्या आगगाडीचं तोंड धुतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमेलच असं नाही.

गाडी माझ्या मागच्या बागेत आहे. बाग म्हणजे लांबीला बारा पावलं, रुंदीला आठ, आणि माझी पावलं काही हत्तीची नाहीत. मध्ये लिंबाचं झाड, नळापाशी पुदिना, बाकी सगळी रेल्वे. दोन रुळांमध्ये तीन बोटांचं अंतर. रुळांखालच्या पट्ट्या मी फळांच्या खोक्यांतून कापल्या. खडी स्वयंपाकघरातल्या चाळणीनं चाळली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. स्टेशन बिस्किटांच्या डब्याचं. इंजिन तेवढं विकतचं, बॅटरीवर चालणारं. खेळण्यांचं एक दुकान बंद होत होतं, त्याच्या मालकाला आधी हसवून आणि मग रडवून आणलं.

अशी रेल्वे बांधणं सोपं, सांभाळणं कठीण. गोगलगाय रुळावरून गेली की तिच्या चिकट वाटेवर चाकं जागच्या जागी फिरतात. मुंग्या फटींत माती भरतात. लिंबाचं एक वाळकं पान पडलं तर आमच्याकडे ती दरड. दुपारी रुळांचं पितळ तापून फुगतं, म्हणून दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी जागा सोडावी लागते. रॉकेलचा बोळा घेऊन मी सगळ्या मार्गावर गुडघ्यांवर फिरतो. आयुष्यात कुणापुढे एवढा वाकलो नाही.

माझं वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी. पाचवीच्या गुरुजींनी मला पाहून स्वतःच बदली मागून घेतली. तेव्हापासून सगळे मला खोड्या म्हणतात आणि मीही नावाला जागतो.

तर ही रेल्वे कशासाठी, ते सांगतो. तरुणपणी मी एका छोट्या स्टेशनात फाटकवाला होतो. माझा थोरला भाऊ तिथेच सांधेवाला होता. गाडीनं सरळ जायचं की बाजूच्या रुळावर, ते लोखंडी दांडा ओढून ठरवायचं, हे त्याचं काम. गाडीच्या धक्क्यानं दांडा उसळू नये म्हणून त्यात एक खीळ घालतात, वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. एका दुपारी तीन-दहाची मालगाडी आली तेव्हा ती खीळ जागेवर नव्हती. दोन डबे घसरले. दांडा उसळून थोरल्याच्या छातीत बसला. संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. स्टेशनमास्तरांनी अहवालात लिहिलं की सांधेवाला खीळ घालायला विसरला आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं गेला.

त्याला एकेचाळीस वर्षं झाली. माझी वहिनी नवऱ्याबरोबर चार वर्षं नांदली आणि त्या एका ओळीबरोबर एकेचाळीस. माझं लग्न दोनदा ठरलं आणि माझ्याच चेष्टेनं दोनदा मोडलं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

मास्तर निवृत्त होऊन जिथे राहायला आले, तिथलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर रिकामं व्हायची मी सहा वर्षं वाट पाहिली. मग वहिनींना घेऊन आलो. मास्तरांना म्हणालो, काय योगायोग बघा. तेव्हापासून त्यांच्या दाराची घंटा वाजते आणि दारात कुणी नसतं. चपलांपैकी फक्त डावी हरवते. वर्तमानपत्र येतं, पण कालचं. आणि दोन वर्षांपूर्वी मी बागेत ते स्टेशन जसंच्या तसं उभं केलं: फाटक, विहीर, पाण्याची टाकी, सांधा. मातीचे मास्तर केले, पोट पुढे, छत्री काखेत. रोज त्यांना नव्या जागी बसवायचं आणि भिंतीपलीकडून डोकं वर यायची वाट पाहायची.

"आज मला कुठे बसवलंस रे खोड्या?"

"टाकीत, मास्तर. तुम्हाला उकडत होतं."

"माझं पोट एवढं मोठं नाही."

"माती संपली म्हणून आवरतं घेतलंय."

मास्तर चष्मा पुसायचे. दोन वर्षं रोज पुसत होते. मग एकदा म्हणाले, "तुला हवंय तरी काय?"

"एक वाक्य. वहिनींसमोर म्हणायचं, की तो विसरला नव्हता."

डोकं खाली गेलं. मी मातीच्या मास्तरांना टाकीतून काढून रुळावर आडवं घातलं. आतून फार बरं वाटलं. सूड हा लोणच्यासारखा असतो, मुरला की गोड लागतो.

स्टेशनातली सगळी माणसं मी केली, अगदी हमालापाशी झोपलेलं कुत्रंसुद्धा. फक्त थोरला केला नाही. दोनदा माती हातात घेतली आणि दोनदा हात धुतले. सांध्यापाशी त्याची जागा रिकामीच होती.

२

माझ्या सांध्याचा दांडा सायकलच्या स्पोकचा आहे आणि त्यातली खीळ म्हणजे एक टाचणी. रोज दुपारी बरोबर तीन-दहाला मी गाडी सोडतो. ती वेळ वहिनींना माहीत आहे, मास्तरांना माहीत आहे, आणि म्हणूनच ती वेळ.

एका दुपारी गाडी सांध्यावर आली, दांडा टुणकन उडाला आणि इंजिन तोंडावर पडलं. पाहतो तर टाचणी नाही. सकाळीच मी स्वतः घातली होती, बोटाला तेल लागलेलं अजून होतं. खडीत शोधली, लोहचुंबक फिरवलं, मुंग्यांची चौकशी केली. शेवटी डोकं खाजवायला टोपी काढली तर बोटाला टोचलं. टाचणी टोपीच्या घडीत होती.

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, खोड्या, आता स्वतःच्याच खोड्या काढायला लागलास. मग हसता हसता थांबलो. का थांबलो ते योग्य वेळी सांगेन. एवढं मात्र पाहिलं की टाचणी ओली होती. पावसाचे दिवस नव्हते, दव कधीच वाळलं होतं, आणि माझं डोकं कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सांधा रिकामा, टोपीत ओली टाचणी.

तिसऱ्या दिवशी टोपीत टाचणी नव्हती, खिळा होता. बोटभर, गंजलेला, भिंतीवर तसबीर टांगायला ठोकतात तसा. माझ्याकडे तसला खिळा नाही, माझ्याकडे तसबिरीच नाहीत. नाकाशी नेला. खोल, बंद पाण्याचा वास आला. दोरी तुटून बादली आत राहिली की विहिरीला येतो तो.

३

माणसाची बुद्धी आधी शेजाऱ्यावर जाते. माझी तर तिथेच राहते.

"मास्तर," मी भिंतीवरून म्हणालो, "चांगलं चाललंय. शिष्य गुरूच्या पुढे गेला."

"काय झालं?"

"माझी टोपी, माझी टाचणी. जमतंय तुम्हाला. फक्त खिळा जरा जास्त झाला."

"अरे, माझे गुडघे बघ. जिना चढायला मला पाऊण तास लागतो, आणि मी ही भिंत ओलांडीन?"

"सुडासाठी माणसाला पंख फुटतात."

"ते तुला. मला नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरं बोलत होते हे मला आवडलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं सापळा लावला. दुपारच्या जेवणानंतर सगळ्या बागेत पीठ भुरभुरवलं, दारापासून भिंतीपर्यंत, बोटभर जागा सोडली नाही. पिठाचा डबा रिकामा झाल्याबद्दल अबोला होणार हे गृहीत धरलं. दाराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलो. टोपी डोक्यावर घट्ट ओढली. दोन वाजले, अडीच वाजले. एक चिमणी आली, तिचे पाय पिठात उमटले, तेवढीच काय ती गुन्हेगार. मी डोळा लावला नाही. म्हातारा झालो म्हणून काय झालं, रेल्वेत वीस वर्षं न झोपता झोपायचं शिकलोय.

तीनला उठून पाहिलं. दारापासून सांध्यापर्यंत एकही पाऊल नव्हतं. आणि सांध्यापाशी, त्या रिकाम्या जागेवर, पिठात एक हात उमटला होता.

माणसाच्या मापाचा हात. उकिडवं बसलेला माणूस तोल सावरायला बाजूला टेकतो तसा. चार बोटं आणि अंगठा नीट दिसत होते, फक्त करंगळीजवळचं बोट अर्धंच होतं.

थोरल्याचं ते बोट दोन डबे जोडताना गेलं होतं. पण मी शहाणा माणूस आहे. मीच पीठ टाकताना हात टेकला असेन, असं स्वतःला सांगितलं. शेजारी स्वतःचा हात टेकून पाहिला. बोट दुमडलं तर जवळजवळ तसाच ठसा येत होता. जवळजवळ. माझा हात लहान पडत होता.

टोपी काढायची हिंमत नव्हती, पण काढली. आतला खिळा आता माझ्या मधल्या बोटाएवढा होता.

४

वहिनींना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. बाकी सगळं त्या कानानं आणि बोटांनी पाहतात. वाटाणे सोलतात, कपड्यांच्या घड्या घालतात, आणि जे हाताला लागेल ते बांधून ठेवतात. त्यांची एक गाठ आहे, तीन वेढे घेऊन टोक खालून आत खुपसायचं. बिस्किटांच्या पुड्याला मारली की बिस्किटं मऊ झाली तरी पुडा सुटत नाही. मी म्हणायचो, वहिनी, तुमच्या गाठीला कुलूपवाला शरण जाईल.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हृदय थकलंय, काही महिने म्हणा. मी म्हटलं, मला सांगू नका, मी रहस्य पोटात ठेवत नाही. हे मी अर्थातच खोटं बोललो.

त्या पिठाच्या दुपारी वहिनी दारात आल्या. पिठाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

"भाऊजी, गाडीला शीळ कधी बसवलीत?"

"कसली शीळ?"

"आत्ता वाजली ती. दोन सुरांची, आधी खालचा मग वरचा. दातांतून."

माझ्या इंजिनाला शीळ नाही. दांडा ओढण्याआधी थोरला मात्र दातांतून दोन सूर काढायचा. त्याची सवयच होती ती. फाटकावरून मला ऐकू यायचे.

"चिमणी असेल," मी म्हणालो.

"मला चिमणी कळते." त्या हसल्या. किती वर्षांनी हसल्या कोण जाणे. "अगदी ह्यांच्यासारखी होती. खुर्ची इथेच टाका माझी. आता रोज बसेन."

मी खुर्ची टाकली. वहिनींनी तोंड सांध्याकडे केलं. सांधा कुठल्या बाजूला आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"ते विसरणारे नव्हते हो," त्या म्हणाल्या. "खीळ तेलकट हातातून सटकते म्हणाले, तर मीच लाल चिंधी बांधून दिली होती तिला. झोपेतसुद्धा हात पडला असता त्यांचा तिच्यावर. मला दुसरं काही नको, भाऊजी. मी डोळे मिटायच्या आत कुणीतरी तोंडानं म्हणावं, की नव्हता विसरला."

"म्हणेल," मी म्हणालो. "मास्तर म्हणेल, आणि तुमच्यासमोर म्हणेल. नाही म्हणाला तर मी नाव लावणार नाही."

५

आता ते थांबलेलं हसू.

खीळ मी काढली होती.

जेवणानंतरची वेळ होती. थोरला दांड्यापाशी उकिडवा बसून पेंगत होता. मी मागून गेलो, खीळ अलगद उचलली, टोपीच्या घडीत घातली आणि फाटकावर जाऊन बसलो. गंमत एवढीच होती की तो उठेल, इकडेतिकडे धावेल, मास्तरांच्या नावानं कापेल, मग मी टोपी काढून त्याला सलाम ठोकीन आणि खीळ त्याच्या पायाशी पडेल. एवढीच. याहून मोठ्या खोड्या मी शाळेत केल्या होत्या.

तो उठला. शोधलं. माझ्याकडे पाहिलं. अंतर होतं तरी मला दिसलं की त्याला कळलंय. त्यानं हात पुढे केला, तळवा वर. दे, एवढंच. मी आणखी थोडं ताणलं. मी मान हलवली आणि फाटकाला टेकून हसलो.

तेवढ्यात मालगाडीचा धूर दिसला. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. दातांतून दोन सूर काढले, दांडा ओढला, आणि खीळ नाही म्हणून अंगाचं ओझं दांड्यावर टाकून तो धरून बसला. अठरा डबे जाईपर्यंत त्यानं तो धरला, एकोणिसाव्याला दांडा उसळला.

मी खीळ विहिरीत टाकली, फाटकाजवळच्या. लाल चिंधी पाण्यावर क्षणभर दिसली आणि गेली. मग मी सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे धावत गेलो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडलो. ते रडणं खरं होतं, तेवढं माना.

मास्तरांनी अहवाल लिहिला आणि मला द्वेष करायला माणूस मिळाला. त्याच्यासाठी मी मास्तरांचे आभारच मानायला हवेत. एकेचाळीस वर्षं मी त्यांच्यावर इतका मन लावून सूड उगवला की मधूनमधून मलाच वाटायचं, खीळ त्यांनीच काढली.

६

मास्तर रविवारी येतो म्हणाले. स्वतःहून. भिंतीवर डोकं आलं, चष्मा पुसला नाही, म्हणाले, "वहिनींना सांग, रविवारी दुपारी चहाला येतो. तुझं वाक्य घेऊन."

रविवारी सकाळी मी टोपी ट्रंकेत घातली, गरम कपड्यांच्या तळाशी, आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. इंजिनाची बॅटरी काढली आणि इंजिन चहाच्या टेबलावर कपाशेजारी ठेवलं. आज गाडी सुटणार नव्हती. सांध्यात नवी टाचणी घातली आणि वर मेण ओतलं. उघड्या डोक्यानं फिरताना मला कुणीतरी सोलल्यासारखं वाटत होतं.

पावणेतीनला मास्तर आले. हातात त्या अहवालाची जुनी नक्कल होती, घडीवर फाटलेली. वहिनींच्या समोर बसले. वहिनींच्या मांडीवर शाल होती आणि शालीखाली हात.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "मी तीन दिवस खडी उपसली होती. माणूस विसरला तर खीळ कुठेतरी राहते, कोनाड्यात, खिशात, खोलीत. ती कुठेच नव्हती. मला तेव्हाच कळलं की हे विसरणं नव्हे. पण अहवालात 'कुठेच नव्हती' असं लिहिता येत नाही, वरचे विचारतात, मग कुठे गेली. म्हणून मी सोपं ते लिहिलं. तुमचा माणूस विसरला नव्हता."

झालं. वाक्य आलं. एकेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी माणसाला छळलं ते पडलं एकदाचं कानावर. मी टाळी द्यायला हात उचललाच होता.

"मग कुठे गेली?" वहिनी म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पहिल्या वाक्याच्या इतका मागे लागलो होतो की त्याला जोडून दुसरं येतं, डब्यामागे डबा येतो, हे विसरलो. फाटकवाला असून विसरलो.

"उडाली असेल," मी म्हणालो. "कावळ्यानं नेली असेल. कावळ्यांना लाल रंग—"

"भाऊजी, तुमची टोपी."

"टोपी आत आहे, वहिनी."

"नाही हो. ट्रंकेतून पाणी गळत होतं, सगळी फरशी ओली. उघडीच होती ट्रंक. म्हटलं, टोपी उन्हात धरू." त्यांनी शाल बाजूला केली. टोपी त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. "किती जड झालीय बघा."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातली किल्ली मुठीत धरली. वहिनींची बोटं टोपीच्या घडीवरून गेली, थांबली, आत शिरली. जे बाहेर आलं ते वीतभर लांब आणि अंगठ्याएवढं जाड होतं. एका टोकाला चिंधी होती, ओली, आणि इतकी लाल की काल बांधली असावी. वहिनींनी ती चाचपली. तीन वेढे, आणि टोक खालून आत खुपसलेलं.

"ही गाठ माझी आहे," त्या म्हणाल्या.

माझ्याजवळ प्रत्येक प्रसंगाला एक विनोद असतो. आत्ता हात नुसता टोपीकडे गेला, आणि डोकं उघडं होतं.

वहिनी माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंडसुद्धा केलं नाही. सांध्याकडे वळून, नवरा कामावरून उशिरा आल्यावर बोलतात तशा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सापडली."

दातांतून दोन सूर आले. आधी खालचा, मग वरचा. मास्तरांनीही ते ऐकले, त्यांच्या हातातला कागद पडला.

इंजिन टेबलावरच होतं. तरी रूळ गुणगुणायला लागले. कपातल्या चहावर वर्तुळं उठली. लिंबाच्या झाडामागून चाकांचा आवाज आला, आणि तो तीन बोटांच्या रुळांवरचा आवाज नव्हता.

"दांडा धरा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ती खीळ इकडे द्या, मी—"

"खीळ राहू दे माझ्याकडे. तुम्ही दांडा धरा."

मी सांध्यापाशी गुडघ्यांवर आलो. मेण फुटलं होतं, टाचणी नव्हती. सायकलचा स्पोक चिमटीत धरला आणि तो थंड, जाड, लोखंडाच्या वजनाचा लागला. मग ते वरून गेलं. काय गेलं ते विचारू नका, मी वर पाहिलं नाही. मानेवर सावली पडायची, उठायची, पुन्हा पडायची, डब्यामागून डबा. तापल्या ग्रीसचा वास आला. जुन्या सवयीनं मी मोजलं. अठरा.

एकदाच नजर बाजूला गेली. दांड्याच्या पलीकडे, रिकाम्या जागेवर, उकिडव्या बसलेल्या माणसाचे गुडघे होते. आणि एक हात, तळवा वर, माझ्याकडे नाही, वहिनींकडे केलेला. एक बोट अर्धं.

७

मास्तरांनी भिंत तीन फूट वाढवून घेतली. आता त्यांचं डोकं येत नाही. त्यांची घंटा मी वाजवत नाही, तरी ती वाजते. मी इकडे बागेत असतो तेव्हासुद्धा. वाईट वाटतं, कारण श्रेय माझं नाही.

वहिनींची तब्येत सुधारली आहे. डॉक्टरबाई नाडी धरतात आणि दोनदा मोजतात. दुपारी त्या खुर्चीत बसतात, खीळ मांडीवर, चिंधीवरून बोट फिरवत. शेजारी दुसरी खुर्ची मांडायला सांगतात. मी मांडतो. मी सगळं करतो. रूळ पुसतो, गोगलगायी उचलतो, खडी चाळतो, आणि तीन वाजता सांध्यापाशी जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात मी खीळ रोज मागितली. एकदा पाया पडून मागितली. त्या म्हणाल्या, "एवढ्यात काय घाई आहे, भाऊजी. थोडी गंमत करू."

तसं काही फार कठीण नाही. अठरा डबे जाईपर्यंत धरायचं. त्याला जमलं होतं, मलाही जमायला हवं.

अडचण दुसरीच आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या थोरल्याचं उलटं झालं. जन्मात त्यानं कुणाची खोडी काढली नाही, मेल्यावर शिकला. मी दांडा घट्ट धरलेला असतो, वरून सावल्या जात असतात, आणि कुणीतरी माझ्या मुठीवर ओला हात ठेवतं आणि एक बोट हळूच उचलतं. आधी करंगळी, अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या माणसाची खीळ काढावी तसं. ते बोट मग परत मिटत नाही. आठवड्यानं शेजारचं. हे सगळं मला आता डाव्या हातानं लिहावं लागतंय, अक्षर वाचता येत नसेल तर मास्तरांना विचारा, ते माझं अक्षर ओळखतात.

आज अंगठा आणि पहिलं बोट एवढंच उरलंय.

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतोय, म्हणजे तीनला पाच कमी असणार. मघाशी मी दारातून विचारलं, "वहिनी, आजच्या दिवस गाडी नाही आली तर?"

त्यांनी मान थोडी कलती केली, ऐकलं, आणि दातांतून दोन सूर काढले. त्यांनाही जमायला लागलेत.

"येतेय," त्या म्हणाल्या. "चला, बसा जागेवर."